गटारीला बांधलेली मलमपट्टी

कारखान्याची वसाहत, ता. श्रीगोंदे
फेब्रुवारी १९७२

ती. सौ. अक्का,

सुचित्राचा शिरसाष्टांग नमस्कार. (लांबूनच घे. हात साबणाने धुऊन लिहायला बसले आहे, पण तुझा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत दुखतात म्हणून तुला तिळाचं तेल लावून शेकायला सांगितलं होतं, ते तू केलं नसशीलच. भाऊजींचं पित्त शांत आहे ना? लोणच्याची बरणी न फुटता पोचली. एस.टी.च्या टपावरून आलेली वस्तू न फुटता पोचली की इकडे लोक बघायला येतात, तसे आले, आणि निम्मं लोणचं चव बघण्यातच गेलं. उरलेलं फार उत्तम आहे. मी खुशाल आहे. हे पत्र मात्र जेवताना वाचू नकोस, आणि भाऊजींना वाचून दाखवणार असलीस तर त्यांचंही जेवण होऊन दोन तास जाऊ देत.

मागच्या पत्रात तू विचारलंस की, भाऊजींच्या कचेरीतल्या कोणीसं येऊन सांगितलं, तुमची सुचित्रा भर दुपारी गटारीच्या काठावर पालथी पडून आत बघत होती, ते खरं का. खरं आहे. फक्त दुपार नव्हती, सकाळ होती. आणि नेसूचं पातळ तू दिवाळीला दिलेलं नव्हतं, जुनं होतं. ‘शिकूनसवरून नर्स झालीस ती याकरता का?’ असंही तू लिहिलं आहेस. त्याचं उत्तर जरा लांब आहे म्हणून इतके दिवस पत्र लांबलं.

झालं असं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून नृसिंह देवधर नावाचे एक तरुण गृहस्थ आमच्या दवाखान्यात आले. (विवाहित आहेत, एक मुलगी आहे. पुढे वाच.) बरोबर एक लोखंडी पेटी, गॉजचं भेंडोळं आणि नायलॉनची दोरी. आमचे डॉक्टर तेव्हा नेमके लग्नाला गेलेले, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. त्यांचं म्हणणं असं की, लहान मुलांचे पाय लुळे पाडणारा जो पोलिओ, त्याचा विषाणू शंभर मुलांच्या पोटात शिरतो, पण पाय एखाद्याचाच जातो. बाकीची मुलं हसतखेळत असतात आणि शौचावाटे विषाणू बाहेर टाकत असतात. तेव्हा गावात रोग आला आहे की नाही हे आजारी मूल दिसेपर्यंत कळत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मग आधी कळायचं कसं? घरोघर जाऊन मुलांच्या शीचे नमुने मागून बघितले होते म्हणे त्यांनी दुसऱ्या एका गावात. एका आजीबाईंनी मागितलेला नमुना त्यांच्या अंगावरच फेकला. तेव्हापासून ते थेट गटारीकडे वळले. गटारीत सगळ्यांचं येतं, कोणाला विचारावं लागत नाही. गॉजची जाड घडी दोरीला बांधून गटारीत सोडायची, तीनेक दिवसांनी काढायची, पिळून बाटलीत भरायची, बर्फात घालून पुण्याला पाठवायची. तिथे ते पाणी माकडाच्या पेशींवर घालतात आणि पेशी मरतात का बघतात. (माकडाला त्रास होतो का, हे मी विचारलं. त्यांनी विषय बदलला.) त्यांना तालुक्यात बंद गटारी असलेली जागा हवी होती, आणि ती आमच्या कारखान्याच्या वसाहतीखेरीज दुसरी नाही. आमच्याकडे दोन गटारी आहेत: एक अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची, एक कामगारांच्या चाळींची. दोन्ही खाली नाल्यात जाऊन पडतात.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर दवाखान्यात पडसं, हगवण आणि चिपाडाने कापलेली बोटं याखेरीज काही नसतं, आणि देवधर समजावून फार छान सांगतात. पहिली घडी सोडायला आमच्या वसाहतीची गटारं सांभाळणारा छगन आणि मी असे गेलो. छगनने झाकण काढलं, मी गॉज सोडला, आणि तेवढ्यात चाळीतल्या बायका जमल्या. दवाखान्यातली बाई, हातात दवाखान्यातलं फडकं, आणि ते बांधतेय गटारीला! एकीने विचारलं, ‘‘बाई, गटारीला काय लागलंय?’’ त्या दिवसापासून ‘गटारीची मलमपट्टी’ हे नाव पडलं ते आजतागायत. कारखान्याच्या गेटवरचा रखवालदारसुद्धा मला बघून ‘‘पेशंट कसा हाय?’’ म्हणून विचारतो.

तीन दिवसांनी गेलो तर चाळीच्या गटारीतला गॉज होता, दोरी नव्हती. नायलॉनची दोरी इकडे नवलाची. ती एका ओसरीवर दिसली, त्यावर दोन शर्ट आणि एक टॉवेल वाळत होता. गॉज तेवढा प्रामाणिकपणे झाकणाखाली दगडाने दाबून ठेवला होता. मी देवधरांना कळवलं. त्यांनी पुढच्या खेपेला सुताची काळी दोरी पाठवली, ही कोणी नेणार नाही म्हणून. कोणी नेली नाही. पण बंगल्यांच्या गटारीचं झाकण आमचे वसाहत अधिकारी आप्पासाहेब यांच्या फाटकासमोरच येतं, आणि काळ्या दोरीला पांढरं गाठोडं बांधून कोणीतरी आपल्या दारात सोडलंय हे त्यांच्या मंडळींनी पाहिलं. (त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणतात. भल्या बाई आहेत, घर तुझ्यासारखंच ठेवतात, पायपुसण्यालासुद्धा पायपुसणं आहे.) त्यात अमावास्या. दुसऱ्या दिवशी झाकणावर कापलेलं लिंबू, हळदीकुंकू आणि नारळ. नारळ संध्याकाळी नव्हता. रखवालदाराला विचारू नकोस, मीही विचारलं नाही.

मला बंगल्यावर बोलावणं आलं. मी वहिनीसाहेबांना समजावलं की करणी-बिरणी काही नाही, आम्ही गटारीतलं पाणी तपासतो. त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या घरातून जे जातं ते तुम्ही बघता?’’ मी म्हटलं, ‘‘छे हो, एकट्या तुमचं नाही. सगळ्यांचं एकत्र झालेलं बघतो.’’ हे मी त्यांच्या समाधानासाठी बोलले. त्या जास्तच दुखावल्या. ‘‘सगळ्यांचं? आमचं त्या खालच्या स्टोअरकीपरच्या बरोबर?’’

बर्फ आम्ही स्टँडवरच्या सोडावाल्याकडून घेत होतो. भुश्शात घातलेली लादी तो फोडून द्यायचा. पेटी पुण्याच्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली करायची आणि पुढे देवधरांचा माणूस उतरवून घ्यायचा, अशी व्यवस्था. एकदा कंडक्टर नवीन होता, आत काय आहे ते कळल्याशिवाय घेणार नाही म्हणाला. मी ‘दवाखान्याचं’ म्हटलं, तर त्याने ते रक्त आहे असं धरलं आणि हातच लावीना. शेवटी मीच पेटी घेऊन दौंडपर्यंत गेले. बर्फ वितळून पेटीच्या सांध्यातून पाणी गळायला लागलं. शेजारी टोपी-उपरण्यातले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. ऊन कडक होतं. त्यांनी ते गार पाणी ओंजळीत धरून दोन्ही डोळ्यांना लावलं आणि ‘‘वा, फार बरं वाटलं’’ म्हणाले. बाटल्या मेणाने बंद होत्या, त्यामुळे तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी दौंडला मी त्यांना नळावर नेऊन साबणाने हातातोंड धुवायला लावलं. का, ते सांगितलं नाही. त्यांनी मला डोक्याने अधू समजून, अगदी मायेने, जे सांगेन ते केलं.

इथपर्यंत गंमत होती. दिवाळीनंतर उसाचं गळीत सुरू झालं आणि ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. दरवर्षी त्यांच्या कोप्या (म्हणजे पाचटाच्या झोपड्या) नाल्याच्या कडेला पडतात, वसाहतीच्या उताराला. जागा आप्पासाहेबांची कचेरीच नेमून देते. यंदा पाऊस नीट झाला नाही म्हणून जामखेडकडची माणसं फार आली. त्यातली एक राहीबाई. नवरा बन्सी आणि ती मिळून तोडीला जातात, तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि दोन वर्षांची मुलगी बनू फडाच्या बांधावर खेळते. डिसेंबरात एका सकाळी राहीबाई मुलीला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. तोडीला न जाता आली म्हणजे काही तरी मोठं असणार हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. ‘‘बाई, पोर हुबी ऱ्हाईना,’’ ती म्हणाली. ‘‘ताप आल्ता. ताप गेला. आता हुबी केली की बसतीय. परवापातूर पळत हुती वो.’’ मी बनूला टेबलावर ठेवलं. उजवा पाय उचलला आणि सोडला, तो नुसता खाली पडला. मुलगी हसत होती. तिला तो खेळ वाटला, पुन्हा उचल म्हणून हात पुढे करत होती. अक्का, मी दोन वेळा उचलला. तिसऱ्यांदा जमेना.

पुढच्या आठवड्यात चाळीतला एक मुलगा तसाच आजारी पडला. आणि मग वसाहतीत एकच बोलणं सुरू झालं: रोग कोप्यांतून आला. तिकडची माणसं घाण, ती बाहेरून येतात, बरोबर आणतात. आप्पासाहेब वाईट माणूस नाही. त्यांच्या घरी दोन नातवंडं आहेत आणि माणूस घाबरला होता. त्यांनी हुकूम काढला की कोप्या नाल्यापलीकडे हलवायच्या, त्यांच्या मुलांनी चाळीकडे फिरकायचं नाही, आणि कारखान्याच्या नळावर त्या बायकांनी यायचं नाही. नळाला कुलूप लागलं. राहीबाई मला रस्त्यात भेटली. पाठीवर बनू, डोक्यावर मोडलेल्या कोपीचं पाचट. म्हणाली, ‘‘समदी म्हनत्यात आमी आनलं. आमच्या गावाला आसलं कुनाचंच न्हाई झालं, बाई. मी आनलं व्हय?’’ मला उत्तर माहीत नव्हतं. मी ‘नाही’ म्हटलं, पण ते नुसतं म्हणायचं म्हणून.

उत्तर नाताळानंतर आलं, देवधर स्वतःच घेऊन आले. विषाणू वाढवून ओळखायला त्यांना महिना-दोन महिने लागतात, म्हणून दिवाळीच्या आधी पाठवलेल्या घड्यांचे निकाल आत्ता हाती आले होते. मी वाचले आणि देवधरांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘‘हो, दोनदा करून पाहिलं.’’ आप्पासाहेबांनी त्याच संध्याकाळी विश्रामगृहावर चहाला अधिकाऱ्यांना सहकुटुंब बोलावलं. देवधर उठून बोलले. ते बोलले त्यात मराठी शब्द होते, पण ते एकमेकांशेजारी असे बसले होते की कोणालाच काही कळेना. इंजिनियरसाहेब तर माना डोलावता डोलावता झोपले. शेवटी आप्पासाहेब मला म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही साध्या भाषेत सांगा.’’ आता साधी भाषा म्हणजे साधी भाषा. मी उभी राहिले आणि म्हटलं, ‘‘टोळ्या यायच्या आधीच बंगल्यांच्या शीमध्ये पोलिओ होता. चाळीच्या नव्हता.’’

आप्पासाहेबांच्या हातातलं भजं बशीत परत गेलं. इंजिनियरसाहेब जागे झाले. वहिनीसाहेब म्हणाल्या, ‘‘आमच्याकडची सगळी मुलं ठणठणीत आहेत. रोज दोन वेळा अंघोळ करतात.’’ मी म्हटलं, ठणठणीतच असतात, तोच तर घोटाळा आहे. मग प्रत्येक बाई दुसरीकडे बघायला लागली. दिवाळीआधी पाहुणे कोणाकडे आले होते, मुंबईहून कोण येऊन गेलं, याची उजळणी सुरू झाली. देवधरांनी हात जोडून सांगितलं की विषाणू कोणाच्या घरातला, हे गटार सांगत नाही. (मला वाटतं, ही गटारीची सभ्यता आहे. आपल्या ओळखीतल्या फार थोड्या माणसांत ती आहे.)

आप्पासाहेबांनी फक्त एकच विचारलं: ‘‘ही गटार उघडी कुठे पडते?’’ आणि चहा अर्धा टाकून निघाले. मागे आम्ही, पुढे कंदील घेऊन छगन. दिवस नुकता मावळत होता. नाल्यात उतरलो तर गटारीचं तोंड जिथे पडतं त्याच्या खाली, हाकेच्या अंतरावर, वाळूत झिरा उकरलेला होता, आणि राहीबाई वाटीवाटीने हंडा भरत होती. आजूबाजूला कोप्यांतली पोरं त्याच पाण्यात खेळत होती, जशी पहिल्या दिवसापासून खेळत होती. बनू काठावर बसलेली होती.

‘‘हे पाणी कशाला भरता?’’ आप्पासाहेब ओरडले.

राहीबाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला. ‘‘नळाला तुमीच कुलूप लावलं न्हवं, सायेब,’’ ती म्हणाली. रागाने नाही. त्यांना माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखी. ‘‘मग कुठनं आनू?’’

आप्पासाहेबांनी गटारीच्या तोंडाकडे पाहिलं, वर बंगल्यांकडे पाहिलं, आणि वाकून स्वतःच्या हाताने तो हंडा उपडा केला. राहीबाई दचकली, तिला वाटलं आता हेही पाणी बंद. ते छगनला एवढंच म्हणाले, ‘‘किल्ली माझ्या टेबलात आहे.’’ त्या संध्याकाळी नळ सुटला. पुढच्या दोन दिवसांत कोप्या वर, पंपहाउसच्या अंगाला आल्या. वहिनीसाहेबांच्या खिडकीतून आता त्या समोर दिसतात. त्यांनी पडदे शिवायला टाकले आहेत, पण तक्रार केलेली नाही.

मग डोस. देवधरांनी कुठून कुठून खटपट करून पोलिओचे थेंब मिळवले, सगळ्या वसाहतीच्या आणि कोप्यांच्या मुलांना पुरतील इतके. ते बर्फात ठेवावे लागतात. आले कशातून? त्याच लोखंडी पेटीतून. (आतून-बाहेरून उकळत्या पाण्याने धुतलेली, पण पेटीचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा.) बंगल्यांतल्या आयांनी मुलांना आत घेऊन दारं लावली. गटारीच्या पेटीतलं औषध आमच्या मुलांच्या तोंडात घालणार नाही, म्हणाल्या. त्यांचं मला चूक वाटलं नाही. मार्ग वहिनीसाहेबांनीच काढला. घरातून लाकडी आइस्क्रीमचं भांडं आणलं, ते हँडल फिरवायचं, त्यात बर्फ आणि मीठ घालून बाटल्या ठेवल्या. (मीठ देवधरांनी घाईघाईने काढून टाकायला लावलं, फार गार होईल म्हणून की कशासाठी, ते समजावण्याइतका वेळ नव्हता.) दवाखान्यात आइस्क्रीमचं भांडं आलंय म्हटल्यावर बंगले, चाळी आणि कोप्या यांतलं एकही पोर घरी राहिलं नाही. रांग ऑफिसापर्यंत गेली. आणि प्रत्येकाच्या हातात पडली चमचाभर साखर आणि त्यावर दोन थेंब. पहिला मुलगा आप्पासाहेबांचा नातू. त्याने चमचा चाटला, भांड्यात डोकावून पाहिलं, आणि असा टाहो फोडला की मागची सगळी रांग काय झालं ते न कळता रडायला लागली. थेंब मात्र सगळ्यांच्या पोटात गेले, कारण तोंडं उघडीच होती.

त्यानंतर नवीन मूल आजारी पडलेलं नाही. डोसामुळे की थंडी वाढल्यामुळे, देवधर म्हणतात लगेच सांगता येत नाही. त्यांचा हा स्वभाव मला आवडतो. गटारीत घड्या मी अजून सोडते. चाळीतला मुलगा आता भिंतीला धरून चालतो, पुढे सुधारेल. बनूचा पाय मात्र तसाच आहे. आमच्या डॉक्टरांनी नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. ते म्हणाले, इतक्यात आशा सोडायची नाही, पण रोज शेक, रोज मालीश, रोज व्यायाम, निदान उन्हाळाभर, आणि मग पायाला पट्ट्यांचा बूट. रोज म्हणजे रोज. ते कोपीत राहून व्हायचं नाही. टोळीचा मुकादम राहीबाईला सोडायला तयार नव्हता. आप्पासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं, आणि काय बोलले कोण जाणे, तो तयार झाला. बन्सी हंगाम संपेपर्यंत इथे एकटाच तोडीला राहील.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार. मुलांना अनेक आशीर्वाद. पत्र फार लांबलं, रागावू नकोस.

तुझी,
सुचित्रा

ता. क. तू मागच्या पत्रात लिहिलेलं दौंडच्या रेल्वेतल्या मुलाचं स्थळ मला नको. त्याच्या आईला ‘मुलगी गटारी तपासते’ असं स्पष्ट कळव, म्हणजे तुझ्यावर नकार देण्याचा दोष येणार नाही.

ता. क. पुन्हा. वर लिहिलेलं सगळं वाचायला वेळ नसेल तर नुसतं एवढं वाच: तुमची मागची खोली, जिथे तू जुन्या ट्रंका ठेवतेस, तिथून नगरचा तो मोठा दवाखाना चालत जाण्याजोगा आहे. ट्रंका माळ्यावर चढतील. भाऊजी हो म्हणतील. तू आधी नाही म्हणशील, हे मी धरून चालले आहे.

ता. क. आणखी एक, आणि हे शेवटचं. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ज्या बाईने ते तुझ्या हातात दिलं तीच राहीबाई. पहाटेच्या एस.टी.ने निघालेली आहे, चहासुद्धा घेतलेला नसेल, आणि तुझं वाचून होईपर्यंत ती दारात उभीच राहील, बस म्हटल्याशिवाय बसायची नाही. बनूला तुमचा उंबरा ओलांडता यायचा नाही, उंच आहे. तिला उचलून आत घ्यावं लागेल. तेवढं तूच कर.